शुगर या शब्दाचा माग

"इंग्लिश शाळंत घातल्यापास्नं पोरगी मुकीच झाली की ओ, आप्पा," चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला दगडूमामा म्हणाला. घाण्याचं इंजिन धडधडत होतं, त्यामुळे मला ऐकू जाणार नाही असं त्याला वाटलं असावं. मी काहिलीच्या पलीकडे उसाच्या मोळीवर वही घेऊन बसले होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. माझे वडील, म्हणजे आप्पा, उकळत्या रसावरची मळी झाऱ्यानं कडेला ओढत होते. मान वर न करता ते म्हणाले, "मुकी न्हाय ती. साठवतीया." दगडूमामा हसला, त्यानं चिपाडाची पेंढी आत सारली आणि आग एकदम फुलली. मी वहीत खाली बघत राहिले. आप्पांनी माझी बाजू घेतली याचा मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता, की ते काय बोलले याचा विचार मी पुढे बरेच दिवस केला नाही.

गुऱ्हाळ आमचं नव्हतं. आप्पा तिथले गुळव्या होते. रस कधी निवळला, पाक कधी उतरवायचा, हे ठरवणारा माणूस. मोठ्या काहिलीत रस उकळून त्याचा गूळ होईपर्यंतच्या एका फेरीला आमच्याकडे आदण म्हणतात, आणि आदण साधलं की बिघडलं हे गुळव्याच्या हातावर असतं. आप्पा पाण्याच्या घमेल्यात बोटं बुडवायचे, पळीवरचा पाक चिमटीत घ्यायचे, पुन्हा पाण्यात धरून त्याची गोळी वळायचे आणि ती काहिलीच्या काठावर मारायचे. टण् असा आवाज आला की काहील उतरायची आणि पाक निवायला वाफ्यात, म्हणजे उथळ हौदात, ओतला जायचा. आमच्या गडमुडशिंगीच्या आसपास त्यांच्या हाताचं नाव होतं. मालक कोल्हापुरात शाहूपुरीतल्या गूळ व्यापाऱ्याला ढेप दाखवताना तिचा रंग सांगायच्या आधी गुळव्याचं नाव सांगायचे, असं आई सांगायची. मी ते ऐकलं नव्हतं, पण आई सांगताना पदर सारखा करायची, त्यावरून मला ते खरं वाटायचं.

आमच्या घरात आवाज मोठे. आप्पा, आई, शेजारच्या बायका, सगळेच एकमेकांशी ओढ्यापलीकडून हाक मारल्यासारखे बोलायचे. आमच्याकडे बायकाही 'मी आलो', 'मी जेवलो' असंच म्हणतात. मीही म्हणायचे. पाचवीत मला कोल्हापुरातल्या इंग्रजी शाळेत घातलं, तिथे पहिल्याच आठवड्यात मी डबा उघडून "मी खर्डा आणलोय" म्हणाले आणि बाक हसून हलला. मग मी 'आणलाय' म्हणायला शिकले. घरी आल्यावर तसं बोलले तर दारातल्या बायका म्हणायच्या, "आली बघा मडम." दोन्हीकडे हसं होऊ नये म्हणून मी दोन्हीकडे कमी बोलू लागले. हे काही मोठं दुःख नव्हतं. गप्प राहणाऱ्या मुलीला लोक लवकर विसरतात आणि तिच्यासमोर सगळं बोलतात, एवढा फायदाही होता. मला घरातल्या सगळ्या गोष्टी माहीत असायच्या.

त्यातली एक म्हणजे आप्पांना शुगर होती. आमच्याकडे मधुमेह कुणी म्हणत नाही. "त्यास्नी शुगर हाय," असंच म्हणतात. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या आठवल्या तरच घेतल्या जायच्या. आई चहात साखर घालायची नाही, तर आप्पा खिशातून गुळाचा खडा काढून त्यात टाकायचे. आई ओरडली की म्हणायचे, "मी साखर कुठं खातोय? डाक्टरनं साखर सोड म्हणून सांगितलं. गूळ वेगळा." प्रत्येक आदणाला ते पाक चाखायचे आणि थुंकून टाकायचे. थुंकलेलं अंगाला लागत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. गुऱ्हाळावर हे सगळ्यांना पटायचं. तिथं एकाला नाही, तिघांना शुगर होती.

दहावीच्या त्या हिवाळ्यात आमच्या मगदूम मॅडमनी वर्गाला एक काम दिलं. रोजच्या वापरातला एकेक इंग्रजी शब्द चिठ्ठीवर लिहून वाटला आणि सांगितलं, हा शब्द कुठून आला याचा माग काढा आणि दोन आठवड्यांनी वर्गासमोर उभं राहून बोला. उभं राहून बोलायचं, हेच मला नको होतं. चिठ्ठी उघडली तर 'शुगर'. शेजारच्या मुलीला 'विंडो' आला होता, तिच्याशी बदलून घ्यावा असं वाटलं, पण विचारायचं कसं म्हणून मी विचारलं नाही.

शाळेच्या ग्रंथालयात विटेएवढा जाड शब्दकोश होता. दोन दिवस मधल्या सुट्टीत मी त्यात बोट फिरवत बसले. इंग्रजीत शब्द आला फ्रेंचमधून, त्याआधी तो इटलीत होता, तिथे अरबांकडून गेला, अरबांनी इराणातून घेतला, आणि इराणात तो आपल्याकडून गेला. ओळीच्या शेवटी लिहिलं होतं, संस्कृत, शर्करा. आणि त्यापुढे त्या शब्दाचा जुना अर्थ: बारीक खडे, वाळू.

त्या संध्याकाळी मी हे घरी बोलून दाखवलं. का ते मलाही माहीत नाही. आप्पा कट्ट्यावर बसून भाकरीबरोबर काकवी खात होते, आई चुलीपुढे होती. मी वही बघत बघत सांगितलं आणि आप्पांचा घास हातातच राहिला.

"म्हंजी शब्द आमचाच हाय की!" ते ओरडले. "ऐकलंस का गं? इंग्लिश लोक आमचाच शब्द फिरवून आम्हालाच देतात. आन् त्याच्यासाठी आम्ही शाळंला पैसं भरतोय."

आई निपाणीकडची. ती आतून म्हणाली, "आमच्यात सक्री म्हणतात. ते बी लिही."

"लिही, लिही. तुझ्या मॅडमला सांग, आमची आई कानडी हाय, तिच्या माहेरावरनं बी गेलाय शब्द." मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पर खडं का गं म्हणलं असंल?"

मी म्हटलं, माहीत नाही, पुस्तकात एवढंच आहे.

"अगं, रवा." त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. "पाक असतोय तवर बोटाला नुसता चिकाट लागतोय. वाफ्यात वतला, निवाय लागला, की त्यात रवा बसतोय. बारीक वाळू चोळल्यागत लागतंय. तवाच कळतंय गूळ झाला म्हणून. ज्यानं हे नाव ठेवलं नव्हं, त्यो गुळव्याच असणार बघ. बोटाला लागल्याबिगार असलं नाव सुचायचं न्हाय."

मी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. नंतर मी किती पुस्तकं चाळली, पण त्या शब्दाचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला कुठे मिळालं नाही. त्या दोन आठवड्यांत आप्पा माझ्याशी जेवढं बोलले, तेवढं त्याआधीच्या पाच वर्षांत बोलले नव्हते. मी शाळेतून आले की ते विचारायचे, "काय सापडलं आज?" त्यांनीच मला म्हटलं, रविवारी गुऱ्हाळावर ये, रवा कसा बसतोय ते दावतो. म्हणून त्या रविवारी मी वही घेऊन मोळीवर बसले होते.

चुलवाणावर पायताण चालत नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी तिथं नारळ फोडतात, हळद-कुंकू वाहतात, मग हंगाम संपेपर्यंत त्या मातीच्या ओट्यावर कुणी चप्पल घालून चढत नाही. आप्पांचं पायताण खाली भिंतीशी जोडीनं ठेवलेलं असायचं, टाचा भिंतीला, तोंडं बाहेर. दगडूमामा चुलवाणातली राख फावड्यानं ओढत होता. त्यातले काही निखारे वरच्या काठापाशी उडाले. पाक तयार होत आला होता, आणि अशा वेळी आप्पा इकडेतिकडे बघत नसत. ते एक पाऊल मागे सरले आणि डावा पाय निखाऱ्यावर ठेवून उभे राहिले.

मी बघत होते. टाचेखालून धुराची एक बारीक रेघ निघाली. बैलाच्या शिंगाला डाग देतात तसा वास आला. आप्पा पाक ढवळत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं, गुळव्याचा पाय असा असतो. इतक्या वर्षांच्या आगीनं तो तयार झालेला असतो, त्याला चटका बसत नाही. खरंच तसं वाटलं. आणि दुसरं असं वाटलं, की मी ओरडले आणि काहीच नसलं तर सगळे हसतील. एक हाक पुरली असती. 'आप्पा', एवढा एकच शब्द. तो बाहेर पडला नाही. त्यांनी गोळी मारली, टण् आवाज आला, चौघांनी काहील उतरवली, पाक वाफ्यात पसरला, आणि मग ते खाली बसले तेव्हा त्यांना स्वतःचा तळवा दिसला.

त्यांनी तो बराच वेळ बघितला. दुसऱ्याचा पाय बघावा तसा. मग मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं, आणि मी बघितलंय हे त्यांना कळलं. मोळीपाशी येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "आईला सांगू नगंस."

"दुखतंय का?" मी विचारलं.

"त्येच तर," ते म्हणाले. "दुखंना." आणि मग, माझ्याकडे न बघता, "पाय बधिर झालाय म्हणून कळलं, तर हात बी बधिर झाला असंल म्हणतील. मग काहिलीपाशी कोण उभं करंल मला? हंगाम हुदे. चार दिसांत बरं हुतंय."

नंतर त्यांनी मला वाफ्यापाशी नेलं, गरम गूळ खोबऱ्याच्या वाटीत घालून दिला आणि माझं बोट धरून वाफ्याच्या कडेवर घासलं. "लागला रवा?" मी हो म्हटलं. खरोखरच वाळूसारखं लागत होतं. त्यांनीही आपलं बोट घासलं, पुन्हा घासलं, आणि मला दुसऱ्यांदा विचारलं, "लागतोय न्हवं?" तेव्हा मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. आता कळतो.

गुऱ्हाळावर भाजलं की चुन्याची निवळी आणि खोबरेल एकत्र करून लावतात. चुना तिथे असतोच. आप्पा तेच लावत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हशीकडे गेल्यावर ते माझ्याजवळ आले. "तुझं शाळंचं मोजं दे गं एक जोड." जन्मात मोजे न घातलेला माणूस. मी पांढरे मोजे दिले. आईला त्यांनी सांगितलं की टाचेला भेगा पडल्यात, थंडी बाधते. संध्याकाळी ते मोजे मी घेतले आणि मागच्या दगडावर धुतले. माझेच मोजे, शाळेचे, मी रोज धुवायचेच. आईला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

पहिले दोन दिवस नुसता चुना आणि तेल निघायचं. मग पिवळं निघायला लागलं. मग त्याला वास यायला लागला. उन्हात उघडा राहिलेला रस आंबतो तसा गोडसर वास. मी साबण जास्त लावायचे, दोनदा पिळायचे, आणि तारेवर माझ्या गणवेशाच्या आड वाळत घालायचे. माझ्याकडे तीनच जोड होते. त्यातले दोन त्यांच्याकडे फिरत होते आणि एक मी रोज घालत होते. मी रोज ठरवायचे, आज आईला सांगायचं. रोज संध्याकाळी आप्पा विचारायचे, "काय सापडलं आज?" आणि आमच्या दोघांत मोज्यांचं जे गुपित होतं, ते मला त्या शब्दाइतकंच जवळचं वाटायचं. मी सांगितलं असतं तर ते संपलं असतं. हे लिहायला मला बारा-तेरा वर्षं लागली. बाकी सगळी कारणं खरी आहेत, पण हे त्यांच्याखालचं आहे.

दुसऱ्या सोमवारी मी वर्गासमोर उभी राहिले. वही बघत बघत बोलले. गुळव्याची गोष्ट सांगितली तेव्हा मगदूम मॅडम हातातला खडू टेबलावर ठेवून ऐकू लागल्या. शेवटी त्यांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात मिळालं? मी म्हटलं, वडिलांनी सांगितलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्या वेळी घरी तारेवर मोजे वाळत होते.

बुधवारी रात्री आप्पांना ताप भरला. गुरुवारी सकाळी ते उठून उभे राहिले आणि बसले. आईनं मोजा ओढला, पाय बघितला आणि ती दगडूमामाला बोलवायला धावली. दगडूमामानं टेम्पो आणला आणि आम्ही कोल्हापुरात एका दवाखान्यात गेलो. मी शाळेला निघाले होते, अंगात गणवेश तसाच होता.

डॉक्टर एक बाई होत्या, आमच्या मगदूम मॅडमच्याच वयाच्या. त्यांनी पाय बघितला, पोटरी दाबत दाबत वर गेल्या, गुडघ्यापाशी थांबल्या. "किती दिवस झाले?"

"तीन दिस," आप्पा म्हणाले. "दगुड लागला."

"तीनच? नक्की?"

"व्हय की. खोटं कशाला बोलू?"

आई भिंतीला टेकून खाली बसली. "मीच आंधळी," ती म्हणाली. "रोज पाय धुवाय पाणी मागायचं, ते मागायचं बंद झालं. मी म्हणलो, गुऱ्हाळावर धूत असतील. नवऱ्याचा पाय मी बघितलो न्हाय." दगडूमामा म्हणाला, "तसं नगा म्हणू वैनी, मी दिवसभर शेजारी हुतो, मला तरी कुठं दिसलं?" पण ती तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आप्पा छताकडे बघत होते. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, चुलवाणावर बघितलं होतं तसंच.

डॉक्टरांची नजर माझ्या गणवेशावर गेली. त्या मला बाजूला घेऊन इंग्रजीत बोलायला लागल्या, घाबरलेल्या माणसांना कळू नये म्हणून बोलतात तसं, हळू आणि सरळ. पाऊल वाचणार नाही, त्या म्हणाल्या. प्रश्न पुढचा आहे. तीन दिवसांत एवढं वर चढलं असेल तर ते फार वेगानं पसरतंय, मग मी थांबू शकत नाही, आजच गुडघ्याच्या वरून कापावं लागेल. जखम जुनी असेल, सावकाश वाढत आली असेल, तर गुडघा राखायचा प्रयत्न करता येईल. तुझे वडील खरं सांगत आहेत का? तुला काही माहीत आहे?

आज मी शाहूपुरीतल्या एका कार्यालयात इंग्रजी कागदांचं मराठी करते. संध्याकाळी घरी जाते तेव्हा आप्पा कट्ट्यावर बसलेले असतात. डाव्या गुडघ्याखाली त्यांना लावलेला पाय असतो, तो ते बसल्यावर काढून भिंतीशी ठेवतात, टाच भिंतीला, तोंड बाहेर. गुऱ्हाळावर ते पुन्हा चढले नाहीत. पायाचं कारण सगळ्यांना सांगतात. बोटांचं कुणाला सांगत नाहीत. "काय सापडलं आज?" हे त्यांनी मला नंतर कधी विचारलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

त्या दिवशी मला सोपी वाट होती. डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं होतं, मी इंग्रजीत उत्तर दिलं असतं. दोन वाक्यं पुरली असती. आईला काही कळलं नसतं, आप्पांचं खोटं झाकलेलं राहिलं असतं, माझंही राहिलं असतं, आणि गुडघाही कदाचित वाचला असता. वाक्यं माझ्याकडे तयार होती, शाळेत शिकवलेली, नीट. पण आई खाली बसून स्वतःला आंधळी म्हणत होती, आणि ते थांबेना. मी डॉक्टरांकडे पाठ केली आणि आईकडे तोंड केलं. मी बोलले ते इतक्या मोठ्यानं, की बाहेरच्या बाकावरची माणसं आत बघायला लागली.

"बारावा दिस हाय आज. चुलवाणावर निखाऱ्यानं भाजलाय पाय, माझ्या डोळ्यादेखत. तू आंधळी न्हाईस, आई. रोज मोजं मी धूत हुतो."